शेक घेतलेल्या माणसाच्या अंगातून किरणं निघतात का?

बोरकाठ | सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात टाकावं की विज्ञानात, ठरेना, म्हणून सरळ इथं टाकतो. जागा चुकली असेल तर संपादकांनी हलवावं.

आमचं गाव आर्वी तालुक्यात. मोठ्या काकूला गालाचा कॅन्सर निघाला. तंबाखू घासायची जुनी सवय, ती भोवली. ऑपरेशन झालं, मग नागपूरला सहा आठवडे शेक, म्हणजे रेडिएशन, झाले, आणि आता ती घरी आली आहे. गालाची आणि मानेची एक बाजू करपल्यासारखी काळी पडलीय, त्यावर जांभळ्या शाईच्या रेघा अजून पुसट दिसतात. गावाला एवढं निमित्त पुरलं. बचत गटात कोणीतरी सांगितलं की शेक घेतलेल्या बाईच्या अंगातून सहा महिने किरणं निघत राहतात, गरोदर बाईनं आणि लेकरांनी जवळ फिरकायचं नाही. चुलतभावाची बायको पाच महिन्यांची आहे, तिला तडकाफडकी माहेरी धाडलं. शेजारची पोरं ओसरीवर यायची बंद झाली. काकूनं तर स्वतःहूनच ताट-तांब्या वेगळा काढून ठेवलाय.

मला विचारलं तर मी काय सांगणार? दहावीत अल्फा-बीटा-गॅमा पाठ केलं होतं, त्यातली नावं तेवढी उरली. किरणं अंगात साठतात का? एकाची दुसऱ्याला लागतात का? कोणी जाणकार असेल तर जरा खुलासेवार लिहा. चार माणसांपुढं बोलता आलं पाहिजे.

अमरावतीची_लेक | सोमवार, रात्री ९:३१

काकूंना लवकर आराम पडो. सासूबाईंच्या वेळी आमच्याकडे अगदी हेच झालं होतं. वाचतेय.

कपाशीवाला | सोमवार, रात्री ९:४४

भाऊ, आमच्या गावात तं एका बुढ्याची दाढी करून द्याले सलूनवाला तयार नव्हता. वस्तऱ्याले किरनं लागतीन म्हने! लिवा बाप्पा कोनी, आमीबी आयकतो.

वणीकर_सर | सोमवार, रात्री १०:२५

आधी उत्तर देतो, कारण मागून. नाही, लागत नाहीत. साठतही नाहीत. सूनबाईंना उद्याच्या एसटीनं परत आणा.

आता कारण. किरण अंगावर पडणं ही एक गोष्ट, आणि किरण सोडणारा पदार्थ अंगाला चिकटणं किंवा पोटात जाणं ही वेगळी. या दोहोंची भेसळ झाली की तुमच्या बचत गटात पसरली तशी अफवा तयार होते. टॉर्चचा झोत तोंडावर पडला तर तोंड उजळतं, पण बटण बंद केल्यावर तोंडातून उजेड निघत राहत नाही. काकूंच्या बाबतीत फक्त पहिली गोष्ट घडली.

शेकाची यंत्रं मुख्यतः दोन जातींची. एक विजेवर चालतं, त्याला लिनॅक म्हणतात. वीज बंद की किरण बंद. दुसरं कोबाल्टचं. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं विकसित केलेलं भाभाट्रॉन याच जातीचं. त्याच्या डोक्यात जड धातूच्या जाड कवचामागे एक लहानशी पोलादी कुपी असते, कुपीत कोबाल्ट-६०. या कुपीत काय चाललंय ते नीट समजलं तर निम्मा विषय समजला, म्हणून इथं थोडा थांबतो.

साधा कोबाल्ट, म्हणजे कोबाल्ट-५९, निवांत धातू आहे. केंद्रकात २७ प्रोटॉन, ३२ न्यूट्रॉन, कसली तक्रार नाही. तो अणुभट्टीत न्यूट्रॉनच्या माऱ्यात ठेवला की एकेका केंद्रकात एक-एक न्यूट्रॉन शिरतो आणि कोबाल्ट-६० तयार होतो. आपल्याकडे हे काम राजस्थानात रावतभाट्याच्या अणुभट्ट्यांत होतं. हा वाढीव न्यूट्रॉन केंद्रकाला पचत नाही. कधी ना कधी आतल्या एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो आणि त्या घडामोडीत एक इलेक्ट्रॉन सुसाट बाहेर पडतो. हा बीटा किरण. कोबाल्ट जाऊन निकेल आलं. पण हे ताजं निकेलही खदखदत असतं, जादा ऊर्जा ते लागोपाठ दोन झटक्यांत टाकतं. ते गॅमा किरण. त्यानंतर निकेल-६० शांत, कायमचं.

बीटा त्या पोलादी कुपीतच अडतात. बाहेर येतात ते गॅमा. गॅमाला वजन नाही, विद्युतभार नाही, तो क्ष-किरणांच्याच जातीचा. शरीरातून जाताना तो अणूंचे इलेक्ट्रॉन उडवतो, त्यातून पेशीतल्या डीएनएचे धागे तुटतात. कॅन्सरच्या पेशींना ही तुटफूट सांधणं नीट जमत नाही, म्हणून त्या जास्त मरतात. आजूबाजूच्या चांगल्या पेशींनाही मार बसतो, कातडी काळी पडते ती त्यामुळे. ज्या किरणांची ऊर्जा शरीरात शोषली गेली ते तिथंच संपले, आरपार गेले ते खोलीच्या काँक्रीटमध्ये संपले. साठायला उरतंय काय?

कोणी हुशार विचारेल, की गॅमाच्या धक्क्यानं शरीरातले अणूच किरणोत्सारी झाले तर? त्यालाही उत्तर आहे. कोबाल्टच्या दोन गॅमांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट. शरीरातल्या साध्या कार्बन, नायट्रोजन किंवा ऑक्सिजनच्या केंद्रकातून न्यूट्रॉन उपटायला १० दशलक्षांच्या वर ऊर्जा लागते. म्हणजे इतके दिवस काय, वर्षभर शेक दिला तरी ते व्हायचं नाही. वस्तू किरणोत्सारी करायचा नेहमीचा मार्ग म्हणजे न्यूट्रॉन, आणि ते या कुपीतून येत नाहीत.

अमरावतीची_लेक | सोमवार, रात्री १०:४०

सर, एवढं साधं कोणी तेव्हा सांगितलं असतं तर सासूबाईंनी शेवटचं वर्ष मागच्या खोलीत काढलं नसतं.

उगाच_शंका | मंगळवार, सकाळी ७:०५

लिहिलंय छान, पण मग चेर्नोबिलचं काय? तिथं माती, दूध, माणसं सगळंच किरणोत्सारी झालं होतं ना? किरणं लागत नाहीत म्हणता आणि दूध ओतून द्यावं लागतं, हे कसं?

वणीकर_सर | मंगळवार, सकाळी ८:१५

शंका उगाच नाही. १९८६ मध्ये चेर्नोबिलला भट्टी फुटली तेव्हा किरण आले आणि गेले एवढंच नव्हतं, भट्टीतला पदार्थच धुरळा होऊन वाऱ्यावर गेला. आयोडीन-१३१ गवतावर पडलं, गवत गाईच्या पोटात, तिथून दुधात, दुधातून लेकरांच्या थायरॉइडमध्ये. ही कालची दुसरी गोष्ट. असा पदार्थ कपड्यांवर, केसांवर, हातावर बसला तर तो एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो, त्यावर उपाय म्हणजे कपडे उतरवणं, साबणानं अंघोळ, पोटात जाऊ न देणं.

पुढचा प्रश्न, तो किती दिवस छळणार. प्रत्येक किरणोत्सारी पदार्थाचा अर्धायुकाल ठरलेला. आयोडीन-१३१ चा ८ दिवस. आज जितकं आहे त्याच्या निम्मं ८ दिवसांनी, पाव १६ दिवसांनी, आणि ८० दिवसांनी हजारावा हिस्सा. सिझियम-१३७ चा ३० वर्षं, म्हणून चेर्नोबिलच्या रानात तो अजून मुक्कामाला आहे. तापवा, गोठवा, ॲसिडात टाका, या वेगात फरक पडत नाही. कोणता अणू कधी फुटेल हे मात्र कोणालाच सांगता येत नाही. हे मला विद्यार्थ्यांना पटवता पटवता घाम फुटायचा.

बोरकाठ | मंगळवार, सकाळी ९:५०

सर, रात्रीच घरात वाचून दाखवलं. भाऊ अर्धा पटलाय, त्याची सासू पटत नाही. बीटा-गॅमा कळलं. अल्फा राहिला. आणि मी गावात छातीठोक सांगू ना, की काकूच्या अंगातून एकही किरण निघत नाही?

वणीकर_सर | मंगळवार, दुपारी १:३०

तसं छातीठोक सांगू नका, कोणी शिकलेला पकडेल. काकूंच्या अंगातून किरण निघतात. शेकाआधी निघत होते तेवढेच, आणि धष्टपुष्ट माणसाच्या अंगातून तर त्याहून जास्त.

आपल्या रक्तामांसात पोटॅशियम असतं. निसर्गातल्या पोटॅशियमच्या दर दहा हजार अणूंत साधारण एक अणू पोटॅशियम-४० असतो, आणि तो किरणोत्सारी आहे. सत्तर किलोच्या माणसात या अणूंची सेकंदाला सुमारे ४,४०० विघटनं होतात. सेकंदाला एक विघटन म्हणजे एक बेकरेल. तेव्हा तुम्ही, मी, भावाची सासू, सगळे चार-साडेचार हजार बेकरेलची माणसं.

आणि घरात पोटॅश खताचं पोतं असेल तर तिकडे बघा. पन्नास किलोच्या पोत्यात साधारण २५ किलो पोटॅशियम. ग्रॅममागे सेकंदाला ३१ विघटनं. गुणाकार करा, पोतं साडेसात लाख बेकरेलच्या वर जातं. किरण मोजणारा संवेदनशील मीटर धरला तर पोत्याजवळ तो जास्त बोलतो. काकूंजवळ तो तुमच्याजवळ बोलतो तेवढाच बोलेल.

आता अल्फा. दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन, म्हणजे हेलियमचं आख्खं केंद्रक. या तिघांत सर्वांत बोजड. हवेत काही सेंटिमीटर जातो, कागदाचा कपटाही त्याला अडवतो, कातडीचा वरचा मेलेला थर तो ओलांडत नाही. म्हणून बाहेरून जवळजवळ निरुपद्रवी. पण अल्फा सोडणारा पदार्थ फुप्फुसात बसला तर सगळी ऊर्जा तिथल्याच मोजक्या पेशींवर ओततो, आणि मग तोच सर्वांत वाईट. बीटा हवेत काही मीटर जातो, काही मिलिमीटर ॲल्युमिनियम त्याला पुरतं. गॅमाला शिसं नाहीतर जाड काँक्रीट लागतं, आणि तेही त्याला कमी-कमी करत नेतं, एकदम तोडत नाही.

१८९६ मध्ये पॅरिसात बेकरेलला युरेनियमच्या क्षारांनी बंद कागदातली फोटोची काच काळी केलेली दिसली, दोन वर्षांनी मारी आणि पिएर क्युरींनी पोलोनियम आणि रेडियम शोधलं, अल्फा-बीटा ही नावं रदरफोर्डची, हे सगळं पुस्तकात आहे. पुस्तकात नसलेलं सांगतो. ते पोलोनियम, म्हणजे पोलोनियम-२१०, तंबाखूच्या पानात अत्यल्प प्रमाणात असतं आणि अल्फा सोडतं. बिडीच्या धुरातून ते थेट फुप्फुसात उतरतं. खर्ऱ्यानं तोंडाचा कॅन्सर होतो त्यात मोठा वाटा सुपारीचा आणि तंबाखूतल्या नायट्रोसमाइन नावाच्या रसायनांचा, पोलोनियमला तिथं पुढं करणार नाही. पण पारावर बिडी ओढत काकूंच्या किरणांची चर्चा करणाऱ्यांना हे जरूर ऐकवा.

कपाशीवाला | मंगळवार, दुपारी २:०२

आता बोला! पोटॅशचं पोतं तं माह्या खाटेखाली हाय 😀

वणीकर_सर | मंगळवार, दुपारी २:२०

राहू द्या, काही होत नाही. ओल लागू देऊ नका, गोळे होतील.

मेहकरचा_पोट्टा | मंगळवार, सायंकाळी ५:४५

थोडं अवांतर. हेच पोटॅशियम-४० आमच्या लोणारच्या सरोवराचं वय सांगतं ना? शाळेत गाईड ५० हजार वर्षं सांगायचे, आता ५ लाख ७० हजार सांगतात. एवढा फरक कसा?

वणीकर_सर | मंगळवार, रात्री ८:३०

अवांतर कसलं, मुद्द्याचंच आहे. पोटॅशियम-४० चं विघटन दोन वाटांनी होतं. शंभरातली जवळपास ८९ बीटा सोडून कॅल्शियम होतात, बाकीची ११ आरगॉन-४० होतात. आरगॉन हा वायू, पण घट्ट दगडात कैद होऊन बसतो. उल्का आदळली तेव्हा तिथला बेसाल्ट वितळला, जुना आरगॉन निसटला आणि घड्याळ शून्यावर आलं. पुन्हा घट्ट झालेल्या काचेत नवा आरगॉन साचू लागला. अर्धायुकाल १२५ कोटी वर्षं, त्यामुळे साचलेला आरगॉन आणि उरलेलं पोटॅशियम मोजून वय निघतं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत ५ लाख ७० हजार आलं, चूकभूल ४७ हजारांची.

जुना ५० हजारांचा आकडा दुसऱ्या रीतीचा. खनिजांत किरणांमुळे अडकून बसलेले इलेक्ट्रॉन तापवल्यावर उजेड देतात, तो मोजून काढलेला. आरगॉनच्या रीतीलाही एक खोड आहे. दगड नीट वितळला नाही तर जुना आरगॉन आत राहतो आणि वय फुगतं. मूळ बेसाल्टच साडेसहा कोटी वर्षांचा, त्यामुळे थोडा जुना आरगॉनही हिशेब बिघडवू शकतो. २०११ च्या कामात तो वेगळा काढण्याची काळजी घेतली होती, म्हणून मी त्या आकड्याच्या बाजूनं.

तंत्रज्ञ_ताई | मंगळवार, रात्री ९:१०

मी किरणोपचार विभागातच काम करते, म्हणून दोन शब्द. आम्ही रुग्णाला हाताला धरून टेबलावर झोपवतो, मापं जुळवतो, बाहेर येतो, जाड भिंतीआडून कॅमेऱ्यावर बघतो. काही मिनिटांत शेक संपला की आत जाऊन पुन्हा हाताला धरूनच उठवतो. दिवसाकाठी कितीतरी रुग्ण. आमच्या छातीवर किरण मोजणारा बिल्ला असतो, तो दर तीन महिन्यांनी तपासला जातो. कर्मचाऱ्यांची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (शरीराला बसलेल्या किरणांचं माप). रुग्णांच्या अंगातून किरणं निघत असती तर सर्वांत आधी आमचे बिल्ले ओरडले असते. तुलनेसाठी, नुसतं पृथ्वीवर राहण्याचे जगात सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट लागतात.

बोरकाठ, त्या जांभळ्या रेघा म्हणजे रोज त्याच जागी शेक बसावा म्हणून केलेल्या खुणा. शेक संपलेत तर आता पुसल्या गेल्या तरी चालतील, घासून काढू नका. काळ्या जागेवर हळद-तेल, चुना, झाडपाला काही नको. डॉक्टरांनी दिलं तेच लावा, उन्हात जाताना मऊ सुती पदर. तोंड आलं असेल तर तिखट बंद. आणि तंबाखू पुन्हा हातात दिसला तर घरच्यांनी हिसकावून घ्या, ही प्रेमळ धमकी.

अमरावतीची_लेक | मंगळवार, रात्री ९:२६

ताई, सासूबाईंना गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होता. त्यांना बाहेरून झाल्यावर आतूनही शेक दिला होता. त्यात तर पदार्थ शरीरातच ठेवतात म्हणे. मग?

तंत्रज्ञ_ताई | मंगळवार, रात्री ९:४८

आतल्या शेकात बहुतेक ठिकाणी इरिडियम-१९२ चा तांदळाच्या दाण्याएवढा स्रोत तारेच्या टोकाला असतो. तो नळीतून आत जातो, ठरलेला वेळ थांबतो, आणि यंत्र त्याला परत तिजोरीत ओढून घेतं. तो मागं राहत नाही, विरघळत नाही. नळ्या काढल्या की बाई जशी होती तशी.

पण खरा अपवादही सांगून ठेवते, नाहीतर लोक सरसकट सगळं सुरक्षित समजतील. थायरॉइडसाठी आयोडीन-१३१ प्यायला किंवा गोळीतून देतात. तिथं पदार्थच पोटात जातो, आणि रुग्णाच्या अंगातून काही दिवस खरोखर गॅमा निघतात. मोठा डोस असेल तर वेगळ्या खोलीत ठेवतात. घरी सोडल्यावरही सांगितलेले दिवस वेगळं झोपायचं, लेकरू मांडीवर घ्यायचं नाही, गरोदर बाईपासून लांब राहायचं, भरपूर पाणी प्यायचं, संडासात दोनदा पाणी टाकायचं, कारण आयोडीन बरंचसं लघवीतून जातं. हाडांच्या स्कॅनला टेक्नेशियम टोचतात, त्याचा अर्धायुकाल ६ तास. दुसऱ्या दिवशीपर्यंत सोळावा हिस्साही उरत नाही. म्हणून कागदावर काय दिलंय ते वाचायचं, आणि शंका असेल तर सरळ विचारायचं, 'पदार्थ दिला की फक्त किरण दिले?'

उगाच_शंका | बुधवार, सकाळी ७:२०

शाळेशेजारच्या मोबाईल टॉवरबद्दल कोणी बोलेल का?

वणीकर_सर | बुधवार, सकाळी ८:०५

टॉवरच्या लहरी केंद्रकातून येत नाहीत आणि अणूचा इलेक्ट्रॉन उडवण्याइतकी ऊर्जा त्यांच्या एका कणात नसते. या धाग्यात एवढंच पुरे, टॉवरला वेगळा धागा काढा. तिथं भांडू.

कपाशीवाला | बुधवार, सकाळी ११:४०

सर, एक राह्यलं. टॅग-२४ भुईमूग पेरतो आमी, तो किरनं मारून काढलेला हाय म्हन्ते. मंग आमी आजवर किरनोत्सारी शेंगदाने खाल्ले का?

वणीकर_सर | बुधवार, दुपारी १२:१५

ट्रॉम्बे आणि अकोल्याचं कृषी विद्यापीठ यांचं ते वाण, तुरीत टॅट-१० तसंच. मूळ भुईमुगाच्या बियांवर कधीकाळी क्ष-किरण मारले, त्यातून डीएनएत बदल झालेली झाडं निवडली, त्यांच्या संकरातून पुढचं वाण निघालं. किरण त्या पहिल्या बियांवर पडले आणि संपले. तुमच्या दाण्यात उरलाय तो गुण, किरण नाही. दाण्यात पोटॅशियम-४० आहेच, पण ते गावरान दाण्यातही आहे. लासलगावला कांद्याला मोड येऊ नये म्हणून गॅमा देतात, तो कांदाही असाच खाण्याजोगा.

झाडीपट्टी | बुधवार, रात्री ८:५०

आमच्याकडे भंगारवाले दवाखान्याचं, कारखान्याचं सगळं सामान उचलतात. शेकाच्या यंत्रातली ती कुपी भंगारात आली तर?

वणीकर_सर | बुधवार, रात्री ९:३५

तर या अख्ख्या धाग्यात मी जिथं जिथं घाबरू नका म्हणालो, ते तिथं लागू नाही. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात नेमकं हेच झालं. एका विद्यापीठाचं जुनं कोबाल्ट-६० चं उपकरण लिलावातून भंगारात आलं, कामगारांनी ते फोडलं. एकजण दगावला, बाकीचे कित्येक दिवस दवाखान्यात. त्याआधी १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानियात भंगारवाल्यांनी शेकाच्या यंत्रातली सिझियमची कुपी फोडली, अंधारात निळी चमकणारी भुकटी लोकांनी घरोघर नेली, अंगाला लावली. चारजण गेले. त्या गावात किरणही लागले आणि पदार्थही लागला.

कोबाल्टचा अर्धायुकाल सव्वापाच वर्षं. यंत्र दहा वर्षं धूळ खात पडलं तरी आत चौथा हिस्सा जिवंत असतो, आणि त्या किरणांना ना वास, ना रंग. ओळखायची खूण म्हणजे पिवळ्यावर काळ्या किंवा जांभळट रंगाची तीन पाती आणि मधे ठिपका. शिवाय लहान डबा आकाराच्या मानानं भलताच जड लागला तर तो शिशाचा असू शकतो. असं काही दिसलं तर फोडायचं नाही, खिशात घालायचं नाही, माणसं लांब करायची आणि पोलिसांना कळवायचं. पुढचं अणुऊर्जा नियामक परिषदेची माणसं बघतात. जो उचलून बघायला गेला असेल त्यानं हात साबणानं धुवावेत आणि कधी, किती वेळ, किती जवळ होता हे डॉक्टरांना न लपवता सांगावं. मळमळ किंवा कातडीवर भाजल्यासारखं दिसायला कधी तास लागतात, कधी दिवस, त्यामुळे आत्ता काही होत नाही म्हणून घरी बसू नये.

झाडीपट्टी | बुधवार, रात्री ९:५२

त्या खुणेचं चित्र कोणी इथं डकवेल का? उद्या आठवडी बाजार आहे, भंगाराच्या दोन्ही दुकानांत छापून चिकटवतो.